जोडीच्या टाकीतला स्पंज

तीन खोकी छातीशी धरून दादा दारात उभा होता. हात मोकळे नव्हते म्हणून बेल त्यानं कोपरानं दाबली होती आणि ती सोडायचं त्याला भान नव्हतं.

“ऐकू आलं की रे,” मी दार उघडत म्हटलं. “ब्लाउजची बाही मशीनखाली तशीच टाकून आलेय मी.”

“त्रिशले, आधी हातातलं घे. पडलं तर गेलं.”

मी वरचं खोकं घेतलं. उरलेली दोन त्यानं माझ्या शिवणाच्या टेबलावर, एका गिऱ्हाइकाच्या कापलेल्या परकरावर ठेवली. दुसऱ्या कुणी तसं केलं असतं तर मी त्याला तिथंच झाडलं असतं. पण स्वतःचं लग्न झाल्यापासून आणि शोभेच्या माशांचं दुकान काढल्यापासून दादा माझ्याकडे फक्त सणावारी यायचा, म्हणून मी नुसता परकर ओढून घेतला आणि चहा ठेवला.

खोक्यांत माशांच्या टाकीचे फिल्टर होते. तिन्ही एकाच जातीचे, टाकीच्या मागच्या काचेवर टांगायचे. एका नळीनं पाणी वर ओढायचं, आतल्या स्पंजातून गाळायचं आणि पुढच्या बाजूनं परत टाकीत सोडायचं, एवढंच त्यांचं काम. एक काळा, एक पांढरा आणि एक निळा. काळा आणि पांढरा तर सांगलीतल्या कुठल्याही दुकानात मिळायचे. निळा नवीन होता आणि सबंध जिल्ह्याची त्याची एजन्सी दादानं घेतली होती.

“तुझ्याकडे तीन सारख्या टाक्या आहेत,” दादा म्हणाला. “तिन्हीत सारखं पाणी, सारखे मासे. दोन आठवडे चालू दे. मग रविवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर तू सांगायचं, कुठला चांगला.”

“आणि तुझा निळा हरला तर?”

“हरला तर हरला म्हणून सांग. तुला कोण अडवणाराय?”

मला कुणी अडवू शकत नाही हे गावाला माहीत होतं. सांगली-मिरजेचे आम्ही मासे पाळणारे महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचो, आणि तिथं मी एका दुकानदाराला सगळ्यांदेखत विचारलं होतं की तुमचे हे गुलाबी मासे जन्मतःच गुलाबी आहेत की सुईनं रंग टोचलाय. तो मनुष्य पुन्हा बैठकीला आला नाही. तेव्हापासून मिरजेचे इनामदारचाचा, आमच्यातले सगळ्यांत जुने, म्हणायला लागले की त्रिशलाबाईंनी पास केलं की डोळे झाकून घ्यावं. मला या गोष्टीचा फार गर्व होता. त्या काळात माझ्याकडे गर्व करण्यासारखं दुसरं होतंच काय? एक शिवणयंत्र, दोन खोल्या आणि माझी जोडी.

जोडी म्हणजे एंजल माशांची. हे मासे आपण लावून दिलेलं लग्न मानत नाहीत. पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवायची आणि त्यांतून ते आपापला जोडीदार निवडतील याची वाट बघत बसायचं. माझी जोडी मी बोटाच्या नखाएवढी असल्यापासून वाढवली होती. बाकीचे लोक अंडी धरावीत म्हणून माशांना जिवंत अळ्या घालतात. आमच्या जैनाच्या घरात ते शक्य नव्हतं. मी कोरडं खाद्य, उकडलेला वाटाणा, पालक असलं घालायची. इनामदारचाचा चेष्टा करायचे, “बाई, तुमचे मासे चातुर्मास पाळतात, त्यांना संसारात कसला रस असणार?” दोनदा मादीनं अंडी घातली होती आणि दोन्ही वेळा दोघांनी मिळून खाऊन टाकली होती. आता ती पुन्हा भरली होती. मला त्या पिल्लांची किती आस लागली होती हे सांगायला मला आजही थोडी लाज वाटते.

त्यांची टाकी वेगळी, खिडकीशेजारी होती. आत वाळू नाही, झाडं नाहीत, अंडी घालायला कडप्प्याचा एक तुकडा तिरका टेकवलेला, बस्स. मागं माझा जुनापुराणा फिल्टर टांगलेला. त्याचा खडखडाट एवढा की गिऱ्हाइकं विचारायची, ताई, पंखा बिघडलाय काय.

पण त्या खटाऱ्याच्या पोटात सोनं होतं. आमच्यात नवशिक्याला पहिला धडा हाच देतात, की स्पंज नळाखाली धुवायचा नाही. वापरून वापरून त्याच्यावर काळपट बुळबुळीत थर चढतो. तो थर जिवंत असतो, माशांची घाण तोच पचवतो, आणि नळाच्या पाण्यातल्या औषधानं तो मरतो. नवा कोरा स्पंज महिनाभर नुसता स्पंजच असतो. पाणी दिसायला निर्मळ असलं तरी आत विष साठत जातं. म्हणून कुणाला नवी टाकी लावायची असली की तो ओळखीच्याकडे जाऊन जुन्या स्पंजाचा तुकडा मागतो, विरजण मागावं तसा. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही आणि देणाऱ्यानं अर्ध्याच्या वर द्यायचं नाही, असा रिवाज. माझा स्पंज मी किती जणांना दिला होता! एकदा तर कापून कापून तो इतका लहान झाला की मी त्याला नवा तुकडा जोडला. चिकटवायचं काही पाण्यात चालत नाही, म्हणून हिरव्या नायलॉनच्या दोऱ्यानं शिवला. शेवटी शिंपीणच मी.

तिन्ही नव्या फिल्टरांत मात्र खोक्यातलेच कोरे स्पंज राहतील, कुणालाही विरजण लावायचं नाही, असं आमचं ठरलं. नाहीतर तुलना ती कसली? मी तीन टाक्यांत मॉली मासे सोडले, फिल्टर टांगले आणि दुपारी महिला मंडळात शिवण शिकवायला गेले. माझ्या घराची एक किल्ली दादाकडे असायचीच. मी नसताना तो येऊन खाद्य घालणार होता, आटलेलं पाणी भरणार होता.

दुसऱ्या दिवशी तो चिकटपट्टी घेऊनच आला. “झाकणांवर पट्ट्या लावून टाकू,” म्हणाला. “तुझ्या सह्या कर त्यांवर. उद्या कुणी म्हणायला नको, भावानं काहीतरी केलं असंल.” मला ते इतकं पटलं की मी तिन्ही पट्ट्यांवर पूर्ण नाव लिहून सह्या केल्या, त्रिशला चौगुले, खाली रेघ ओढून.

ते दोन आठवडे फार छान गेले, हे नाकारण्यात अर्थ नाही. दादा रोज यायचा. मी परत येईपर्यंत थांबायचा. मी नसताना स्वतःच चहा करून प्यायचा आणि पातेलं काळंकुट्ट करून ओट्यावर टाकायचा, मी ते बडबडत घासायची. मग आम्ही टाक्यांसमोर बसून आईच्या आठवणी काढायचो. मासे पाळायला तिचा किती विरोध होता, जीव कोंडून ठेवायचं पाप लागतं म्हणायची, आणि मग आम्ही शाळेत गेलो की स्वतःच त्यांच्याशी गप्पा मारत बसायची. भाऊ परत मिळाला असं मला वाटायला लागलं होतं. एका संध्याकाळी मी त्याला तसं बोलूनही दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, “मी कुठं गेलो होतो गं?”

तुलनेचं म्हणाल, तर पांढरा फिल्टर सगळ्यांत शांत होता. काळ्याची धार सगळ्यांत जोराची. मशीन म्हणून निळ्यात मला काही विशेष दिसलं नाही, उलट त्याची नळी जरा पातळ होती. पण आठवडा झाला आणि काळ्या-पांढऱ्याच्या टाक्यांतलं पाणी ताकासारखं झालं. तपासणीचे थेंब टाकले की नमुना हिरवागार व्हायचा, म्हणजे पाण्यात विष. निळ्याच्या टाकीत मात्र पाणी आरशासारखं, थेंब टाकले की स्वच्छ पिवळं. मला आश्चर्य वाटलं. मी दादाला म्हटलंसुद्धा, कोरा स्पंज इतक्या लवकर चालू होतो हे मी कधी बघितलं नाही. तो म्हणाला, कंपनीनं स्पंजच वेगळा बनवलाय, म्हणून तर एजन्सी घेतली. आणि पट्ट्या तर जशाच्या तशा होत्या, माझ्याच सहीच्या.

रविवारच्या आधी मादीनं अंडी घातली. कडप्प्यावर मोत्यांच्या माळा ओळीनं चिकटवाव्यात तशी ती दिसत होती. नर पंख हलवून त्यांच्यावर वारा घालत होता. मी आनंदानं वेडी व्हायची बाकी होते. पण मादीचं काहीतरी बिनसलं होतं. ती सारखी वर यायची, पाण्याच्या वर तोंड काढून श्वास घ्यायची. कल्ले लाल झाले होते. दादा आला तेव्हा मी त्याला टाकीपाशी नेलं.

“फिल्टर उघडून बघू काय रे?”

“खुळी काय तू?” तो म्हणाला. “अंडी राखायलेत ती. आता टाकीत हात घातलास तर खाऊन टाकतील. थकलीय ती, बाळंतीण आहे. चार दिवस त्या टाकीकडं फिरकू नकोस.”

मी ऐकलं. खरं तर पाणी तपासायचं माझ्या मनात आलं होतं. पण ज्या टाकीत वर्षानुवर्षं कधी काही बिघडलं नाही तिच्यावर संशय कुणी घेतो का? आणि सल्ला बरोबरच होता, दुसऱ्या कुणीही तोच दिला असता.

रविवारी माझ्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी उभी राहिले आणि बघितलं ते सांगितलं. पांढऱ्याचा आवाज कमी, काळ्याची धार मोठी, निळ्याची नळी पातळ, हेसुद्धा सांगितलं. आणि म्हटलं, माझा भाऊ हा फिल्टर विकतो म्हणून मी बोलत नाही, पण मासा जगवायचा असेल तर यांत निळाच. सगळ्यांसमोर थेंब टाकून दाखवले. इनामदारचाचांनी दादाशी हात मिळवला. दादानं निळा फिल्टर झाकणावरच्या पट्टीसकट उतरवला आणि जाहीर केलं की तो आता दुकानात असाच टांगणार, त्रिशलाच्या सहीसकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते लपवायला मी पोह्यांच्या बश्या गोळा करायला लागले.

मंगळवारी सकाळी मादी तळाशी आडवी पडलेली होती. अंडी पांढरी पडून त्यांच्यावर बुरशी आली होती. नर अजून त्यांना वारा घालत होता. मेलेल्या अंड्यांना तो वारा घालत होता ते बघून मी तिथंच खाली बसून मोठ्यानं रडले. शेजारच्या काकू विचारायला आल्या तर त्यांना काय सांगणार? मासा मेला म्हणून?

मग उठले आणि पाणी तपासलं. नमुना इतका गडद हिरवा झाला की जवळजवळ काळाच. मी जुन्या फिल्टरचं झाकण काढलं आणि स्पंज बाहेर घेतला. तपकिरी होता, हवा तसा. पण हाताला बुळबुळीत लागेना. मी तो वाटीत पिळला. गढूळ घाण यायला हवी होती, त्याऐवजी पातळ तांबूस पाणी आलं. नाकाशी नेला. जुन्या स्पंजाला तळ्याकाठच्या चिखलाचा वास असतो. याला चहाचा होता.

मी तो उलटापालटा करून बघितला. हिरवा दोरा कुठंच नव्हता.

पट्ट्या लावायच्या आधीच, पहिल्या दुपारी मी मंडळात असताना, कोरा स्पंज चहाच्या पाण्यात उकळून माझ्या फिल्टरमध्ये बसवला होता. माझ्याच गॅसवर, माझ्याच पातेल्यात उकळला होता, आणि ते पातेलं मी घासलं होतं. हे समजायला मला किती वेळ लागला कुणास ठाऊक. समजल्यावर आधी रागही आला नाही. आईची आठवण आली.

नराला मॉलीच्या टाकीतही हलवता येत नव्हतं. दोन टाक्यांत विष होतं, आणि तिसरीचा तर फिल्टरच दादानं नेला होता. मी निम्मं पाणी बदललं, चप्पल घातली आणि दुकानात गेले.

दुकानात दादा एकटाच होता. काउंटरशेजारी शोभेची मोठी टाकी आणि तिच्यामागं निळा फिल्टर, झाकणावर माझी सही. मी पट्टी फाडली, झाकण काढलं आणि आत हात घातला. स्पंज हाताला लागला तेव्हाच मी ओळखला. बाहेर काढला तर मधोमध माझी हिरवी टीप.

“मादी गेली,” मी म्हटलं.

दादानं आधी दाराकडे बघितलं, कुणी येतंय का. मग माझ्याकडे.

“मागितला असतास तर मी दिला असता. गावाला देते, तुला दिला नसता?”

“दिला असतास. माहिताय मला,” तो म्हणाला. “पण मग रविवारी उभी राहून बोलली असतीस काय?”

मी स्पंज त्याच्यासमोर काउंटरवर ठेवला.

“तुला खोटं बोलायला लावलं नाही मी,” तो म्हणाला. समजावल्यासारखा आवाज होता. “तू बघितलंस तेच सांगितलंस. तू खोटं बोलत असतीस तर चेहऱ्यावरनं कळलं असतं लोकांना.”

“ती वर येऊन श्वास घेत होती. मी तुला टाकीपाशी नेऊन दाखवलं होतं.”

“तेवढे दिवस निघतील असं वाटलं गं. रविवार झाला की परत आणून ठेवणार होतो.”

“मग सोमवारी का नाही आणलास?”

त्यानं काउंटरवर ओघळलेलं पाणी फडक्यानं पुसलं. “सोमवारी लई गिऱ्हाईक होतं,” म्हणाला.

आयुष्यात मला पुष्कळांनी फसवलं असेल. पण त्या वाक्याइतकं मला काही लागलेलं नाही. तो गिऱ्हाइकांत अडकला होता आणि माझी मादी तोंड वर काढून मरत होती, आणि हे सांगताना त्याला काही विचित्रही वाटलं नव्हतं. मी स्पंज घेऊन दाराकडे वळले.

“त्रिशले, अर्धा तरी ठेव,” तो मागून म्हणाला. “या टाकीतले मासे मरतील.”

ते खरं होतं. टाकीत छोटी छोटी पिल्लं होती, काचेला तोंड लावून माझ्याकडे बघणारी. त्यांनी माझं काय वाकडं केलं होतं? मी काउंटरवरची कात्री उचलली, टिपेच्या कडेनं स्पंज कापला आणि अर्धा त्याच्या फिल्टरमध्ये परत ठेवला. माझ्या नराला अर्धा पुरणार होता. तो त्यानंतर बरीच वर्षं जगला, पण दुसऱ्या मादीला त्यानं कधी जवळ येऊ दिलं नाही.

तेवढ्यात एक गृहस्थ आत आले. चाळिशीचे, हातात हेल्मेट, बहुधा कुठंतरी नोकरीला असावेत. म्हणाले, मुलीसाठी टाकी घेतलीय, रविवारी तुमच्या बैठकीत कुठल्या तरी फिल्टरचं ठरलं असं ऐकलं.

दादाचा चेहरा बघता बघता उजळला. मी समोर उभी होते, हातात तो ओला तुकडा, कोपरापर्यंत पाणी ओघळतंय, आणि तो म्हणाला, “ही काय, माझी बहीणच उभी आहे. हिच्याच घरी झालं सगळं. हिलाच विचारा की.”

ते माझ्याकडे वळले. “ताई, खरंच निळाच चांगला आहे का?”

मला त्या क्षणी भीती वाटली नाही, लाजही वाटली नाही. बैठकीत बोलायची तशीच बोलले. “मी रविवारी सांगितलं ते चुकीचं होतं. या फिल्टरमध्ये माझा जुना स्पंज होता, हा बघा. माझ्या भावानं तो मला न सांगता काढून घेतला आणि माझ्या टाकीत चहात रंगवलेला कोरा स्पंज ठेवला. त्यानं माझी मादी मेली. तीन फिल्टरांत काही फरक नाही. कुठलाही घ्या.”

गृहस्थांनी स्पंजाकडे बघितलं, मग दादाकडे. “खरं काय हो हे?”

दादा काउंटरच्या मागून बाहेर आला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, अगदी हलकेच, लहानपणी आई रागावली की ठेवायचा तसा.

“तिची एक जोडी होती बघा,” तो त्यांना म्हणाला. “पोटच्या लेकरागत वाढवलेली. त्यातली मादी आज सकाळी गेली. एकटी असते ओ ती. डोकं ठिकाणावर नाही तिचं, नाहीतर भावाला असं बोलणारी नव्हं ती.”

मी त्या गृहस्थांकडे बघितलं. माझे केस विस्कटलेले होते, डोळे सुजलेले होते, साडी भिजलेली होती. त्यांच्या चेहऱ्यावर दया होती.

“सावरा ताई,” ते म्हणाले. “दुसरी मिळेल.” मग दादाला म्हणाले, “निळाच द्या.”

दादानं एका हातानं फळीवरचं खोकं खाली काढलं. दुसरा हात माझ्या पाठीवरून फिरवत होता.